नारू, रहाट आणि लाल ज्वारी

माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही विद्यार्थ्याचं गुरुत्वाकर्षण कधी चुकलं नाही. ही बढाई समजू नये, कबुली समजावी. नगरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे नक्की कोण, हे आमच्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनीही विचारलं होतं आणि तेव्हाही मला धड सांगता आलं नव्हतं. प्राध्यापक शिकवतात, शिपाई वर्ग झाडतो आणि या दोघांच्या मधे उभा राहून जो लंबक झुलवायला लावतो, भिंगं पुसतो आणि पोरांच्या वहीवर सही करतो, तो डेमॉन्स्ट्रेटर.

लंबकाचा प्रयोग सोपा असतो. दोऱ्याला गोळा बांधायचा, झुलवायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचं मूल्य काढायचं. ते नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, हे पुस्तकात छापलेलंच असतं. त्यामुळे पोरं शहाणी झाली होती. ती आधी नऊशे ऐंशी लिहीत, मग उलटा हिशेब करून झोक्यांचा वेळ काढीत आणि तास संपायला वेळ उरलाच तर गोळा झुलवीत. मी हे सगळं बघत होतो आणि सह्या करत होतो. एकदा एका पोरानं खरोखर मोजून सहाशेच्या घरातलं उत्तर आणलं. मी त्याला म्हटलं, "काय रे, पृथ्वी तुला एकट्यालाच हळू ओढते का?" त्यानं मान खाली घालून उत्तर बदललं. दोरा खुंटीवरून सरकत होता, हे मला नंतर दिसलं. त्या पोराला ते सांगायचं राहून गेलं.

एवढं पुराण सांगण्याचं कारण, अशा माणसाच्या हाती एकदा संशोधन सापडलं.

बहात्तर सालचा पाऊस आला नाही, तेव्हाची गोष्ट. विद्यापीठातून परिपत्रक आलं की पदवीच्या विद्यार्थ्यांनी निव्वळ घोकंपट्टी न करता संशोधनही करावं. विषय तीन दिले होते: आरोग्य, यंत्रशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी. मात्र एका कॉलेजातून एकच प्रवेशिका पाठवायची. आमचे प्राचार्य अत्यंत सज्जन. सज्जन म्हणजे त्यांनी जन्मात कोणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. त्यांच्याकडे तीन विद्यार्थी तीन विषय घेऊन गेले. त्यांनी तिघांनाही 'हो' म्हटलं आणि नंतर मला बोलावून घेतलं.

"तिघांची मिळून एकच प्रवेशिका करा," ते म्हणाले. "विषयाचं नाव मी घालून ठेवलंय. 'ग्रामीण आरोग्य, यंत्रयोजना व आंतरराष्ट्रीय संबंध: एका बारवेचा अभ्यास.' मार्गदर्शक तुम्ही."

"सर, मला संशोधनातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते सगळे वाद घालतायत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एवढं पार पाडा. तुमचं कायम होण्याचं मी बघतो."

मी सात वर्षं तात्पुरता होतो. दर उन्हाळ्यात माझी नोकरी संपायची आणि दर जूनमध्ये पुन्हा उगवायची. त्यामुळे 'कायम' हा शब्द कानावर पडला की माझी सदसद्विवेकबुद्धी अंमळ बाहेर फिरायला जात असे.

आता तिघांची ओळख करून देतो. पहिली कुसुम, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाची, पाथर्डीच्या पलीकडच्या एका कोरड्या गावची. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथं अजून पोरींची लग्नं व्हायची आहेत. त्या गावात पाण्याची एकच जागा होती, ती म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी बारव. आणि रोगही एकच, नारू. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: नारू म्हणजे हातभर लांबीचा, शिवायच्या दोऱ्याएवढा पांढरा जंत. तो वर्षभर माणसाच्या अंगात गुपचूप राहतो आणि मग एक दिवस पायाला फोड आणून बाहेर डोकं काढतो. ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनामहिना उठत नाही. म्हणून तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळत बसायचं. कुसुमच्या वडिलांना, आप्पांना, आदल्या वर्षी ऐन पेरणीत नारू निघाला होता. पुन्हा पेरणीत निघाला तर कुसुमचं कॉलेज बंद होणार होतं, कारण घरात दुसरं करतं माणूस नव्हतं.

"सर, माझा विषय सोपा आहे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "नारूचा फोड जळतो, म्हणून माणूस बारवेत उतरून पाय पाण्यात सोडून बसतो. तिथं नारू पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी आम्ही पितो. खालच्या पायऱ्या भिंत घालून बंद केल्या आणि वरून रहाटानं पाणी काढलं, की संपलं. हे डॉक्टरांना माहीत आहे. मला फक्त आमच्या गावात किती लोकांना आहे ते लिहून द्यायचंय, म्हणजे आरोग्य खात्याचे लोक येऊन भिंत घालतील. पुढच्या उन्हाळ्याच्या आत."

मी तिला शब्द दिला. अहवाल चांगला झाला तर तो थेट खात्याकडे जाईल आणि भिंत होईल, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. शब्द द्यायला भांडवल लागत नाही.

दुसरा दिगंबर, भिंगारचा. वडील लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. त्याचा जगातल्या कुठल्याही प्रश्नाला एकच तोडगा असायचा, तो म्हणजे सायकल. तिसरा सॅम्युएल, श्रीरामपूरचा, राज्यशास्त्रवाला. त्या साली रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. ती खाल्ल्यावर जनतेचं अमेरिकेविषयी काय मत होतं, हा सॅम्युएलचा विषय.

आम्ही एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पुढे चालत असे निघालो. मी काखेत कॉलेजचा सूक्ष्मदर्शक बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतला होता. सायक्लोस्टाईल केलेली प्रश्नावली होती. तिच्यात 'आपणांस नारू आहे काय?' याच्या खालोखालच 'अमेरिकेविषयी आपले मत: अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ?' असा प्रश्न होता. प्राचार्यांचा आग्रह होता की तिन्ही विषय एकाच कागदावर मावले पाहिजेत.

गावात सरपंचांनी चहा पाजला. सरपंच नाना भारदस्त गृहस्थ. भर उन्हाळ्यासारख्या त्या उकाड्यात पायात लोकरीचे मोजे घालून बसले होते. गावात मोजे घालणारे ते एकटेच. पुढारीपणा माणसाला काय काय घालायला लावतो, असं मला वाटलं.

त्या दिवशी आम्ही घरोघर फिरलो. गावातल्या प्रत्येक माणसाला नारू होता. तान्ह्या पोरांना होता. ऊसतोडीला गेलेल्यांना होता. एका घरी तर गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंचंही नाव घातलं, "त्येंला बी हुता की, लई तरास काढला म्हातारीनं." संध्याकाळी बेरीज केली तर गावाच्या लोकसंख्येपेक्षा रोगी जास्त भरले. आणि ते सगळेच्या सगळे अमेरिकेला अनुकूल होते.

झालं होतं असं की कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे यादी, आणि यादी म्हणजे काहीतरी मिळणार, एवढं त्या दुष्काळात गावाला पक्कं कळलेलं होतं. काय मिळणार ते नंतर बघू, आधी नाव तर घाला.

एकट्या गौराआजीनं सॅम्युएलला सरळ उत्तर दिलं. ही आजी आप्पांच्या शेजारची, वय ऐंशीच्या पुढचं. मिलोच्या पिठाची भाकरी थापता थापता तुटत होती. तिनं ती तव्यावर तुकड्या-तुकड्यानं टाकली आणि म्हणाली, "ही जवारी ज्यानं धाडली ना बाबा, त्येच्या घरात बाईमानूस न्हाई."

सॅम्युएलनं वहीत लिहिलं: 'एका प्रतिसादकाच्या मते अमेरिकेत स्त्रिया नाहीत.'

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी ठणकावून सांगितलं की यादी वगैरे काही नाही, खरं तेवढंच सांगा. तोवर गावाशेजारी दुष्काळी काम सुरू झालं होतं, खडी फोडायचं. आणि कोणीतरी कंडी पिकवली होती की ज्याला नारू आहे त्याचं नाव हजेरीपटावरून कापणार. झालं. गावात नारू औषधालासुद्धा उरला नाही. एक माणूस ओट्यावर पाय पसरून बसला होता. घोट्याजवळ फोड, फोडातून बाहेर आलेला पांढरा नारू आणि तो गुंडाळलेली काडी, हे सगळं मला उघड दिसत होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"दोरा हाय, मास्तर. बायकूनं बांधलाय, दिष्ट लागू नये म्हनून."

परतताना मी फाट्यावर बसून विचार केला. पहिल्या फेरीत सगळा गाव आजारी, दुसऱ्या फेरीत एकही नाही. आमच्या शास्त्रात दोन वाचनं जुळली नाहीत तर काय करतात? सरासरी. मी कागदावर गणित मांडलं आणि निकाल जाहीर केला, "निम्म्या गावाला नारू आहे."

कुसुम माझ्याकडे बघतच राहिली. "सर, दोन खोटी उत्तरं मिळून एक खरं कसं होईल?"

"शास्त्रात होतं."

"मग मी आता विचारणारच नाही," ती म्हणाली. "मी नुसती बघणार."

आणि ती सुट्टीभर गावी जाऊन बारवेवर बसली. धुणं घेऊन, भांडी घेऊन, काही नाही तर नुसतीच. गावचीच पोर, तिला कोण हटकणार? फोड जळायला लागला की माणूस कोणाचंही ऐकत नाही, खोटं बोलणाराही पाण्याकडे येतोच. जो पायरीवर बसून पाण्यात पाय सोडेल, त्याच्या नावानं ती पदराच्या गाठीत मिलोचा एक लाल दाणा टाकायची. एक माणूस, एक दाणा. मिलोच का, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "आमच्या ज्वारीत मिसळत नाही. आणि कोणी खायला मागत नाही."

मधल्या काळात दिगंबरचा सायकल-रहाट तयार झाला. बारवेच्या काठावर सायकल घट्ट बसवायची, मागच्या चाकाचा टायर काढून त्या जागी दोर गुंडाळायचा आणि पायडल मारलं की बादली वर. प्रात्यक्षिकाला सगळा गाव लोटला. दिगंबर ऐटीत सीटवर बसला. बादली पाण्यात गेली, भरली, निम्म्यापर्यंत वर आली, आणि दिगंबरचा दम संपला. मग बादली जी खाली निघाली, ती चाकाला उलटं फिरवत निघाली, आणि चाकानं पायडलं उलटी फिरवली. दिगंबरचे पाय दिसेनासे झाले. तो ओरडत होता, "सर, उतरू कसा? सर, उतरू कसा?" मार्गदर्शक या नात्यानं मी त्याला धीर धरायला सांगितला. शेवटी बादली तळाला टेकल्यावर तो आपोआप थांबला.

गौराआजी शांतपणे म्हणाली, "पानी वर आणायचं हाय का ह्येला खाली धाडायचाय?"

त्याच दिवशी मी सूक्ष्मदर्शकाखाली बारवेच्या पाण्याचा थेंब लावला. म्हटलं, पाण्यातले किडे डोळ्यांनी बघितले की लोक निदान पाणी फडक्यातून गाळून पितील. आजीनं बराच वेळ डोळा लावला. "वळवळतंय की," ती म्हणाली.

"बघा! तेच तुमच्या पोटात जातं."

"जित्तं हाय ना? मंग पानी ताजं हाय." आणि ती तांब्या भरून घेऊन गेली.

अहवाल पाठवायची तारीख जवळ आली. कुसुम गाठ सोडून दाणे माझ्या टेबलावर घेऊन आली. मी मोजले. मूठभरही नव्हते. मला मोठी निराशा वाटली, आणि ती निराशा वाटली याची आज लाज वाटते.

"एवढेच?"

"एवढेच आहेत, सर. पण खरे आहेत."

एवढ्याशा आकड्यावर विद्यापीठ काय म्हणेल, प्राचार्य काय म्हणतील, माझं कायम होण्याचं काय होईल, असे सगळे प्रश्न माझ्या डोक्यात एकदम उठले. मी तिला म्हटलं, "ठेव इथे, घालतो." आणि टंकलेखन करताना 'निम्म्या गावास नारूची बाधा' असंच घातलं. उत्तर आधी, आकडे मागून. सात वर्षांची सवय होती. दाणे मी एका काचेच्या नळीत भरले, बूच लावलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले.

परीक्षक प्राध्यापक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून विचारलं, "या बारवेचा आंतरराष्ट्रीय संबंधांशी नेमका संबंध काय?"

मी अहवालाची पानं उलटू लागलो. सॅम्युएल मात्र उभा राहिला. "सर, मिलोची भाकरी कोरडी असते, घशाखाली उतरत नाही. त्यामुळे लोक पाणी जास्त पितात. पाण्यातून नारू होतो. म्हणजे अमेरिकेचं धान्यधोरण आणि आमच्या गावांचे पाय यांचा थेट संबंध आहे."

परीक्षकांनी ते वाक्य लिहून घेतलं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्याच आठवड्यात माझ्या हातात कायम झाल्याचा कागद पडला. घरी शिरा झाला. सॅम्युएलनं अमेरिकेच्या वकिलातीला गौराआजीचं मत कळवलं होतं, त्याचंही उत्तर आलं. गुळगुळीत कागदावर मिलोच्या पाककृती होत्या. सगळ्यांत लोणी, अंडी आणि भट्टी लागत होती. सॅम्युएलनं ते आजीला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "लोनी असतं तर तुमची जवारी कशाला खाल्ली असती?"

आणि मग अहवाल वाचून आरोग्य खात्याची गाडी गावात गेली.

निम्मा गाव आजारी म्हटल्यावर खात्यानं जय्यत तयारी केली होती. पण गाडीतून उतरल्यावर त्यांनी विचारलं, "निम्मा गाव म्हणजे कुठला?" वरची आळी म्हणाली, आजारी निम्मा तो खालचा. खालची आळी म्हणाली, वरचा. बारवेच्या पाण्यावरून दोन्ही आळ्यांचं आधीच पटत नव्हतं, त्यात कागदोपत्री एक आळी रोगी ठरणार म्हटल्यावर सगळे इरेला पेटले. कोणी पायावरचं धोतर बोटभर वर करू दिलं नाही. शेवटी खात्याचे लोक वैतागून निघून गेले आणि त्यांनी लिहिलं की गावात एकही रोगी आढळला नाही, अहवाल निराधार आहे, बारवेवर कसल्याही बांधकामाची गरज नाही.

ते पत्र प्राचार्यांनी मला आणि कुसुमला समोर बसवून वाचून दाखवलं. कुसुमनं पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, माझी बेरीज कुठं गेली?"

मला खोटं बोलता आलं असतं. परिशिष्टात होती, टंकलेखकानं गाळली, असं काहीही. पण तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती, तिला वाटत होतं की कुठेतरी असेलच. मी म्हटलं, "माझ्या टेबलाच्या खणात."

ती उठून गेली. मी तिथल्या तिथे प्राचार्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला काढून टाका. ते म्हणाले, "अहो, कालच कायम केलंय. कायम केलेल्या माणसाला काढायच्या अर्जाचा नमुनाच आपल्याकडे नाही." मग त्यांनी शिक्षा म्हणून मला यापुढे कोणत्याही संशोधनाला हात लावायची मनाई केली. आयुष्यातलं त्यांचं पहिलं 'नाही' माझ्या वाट्याला आलं.

पुढच्या रविवारी मी काचेची नळी घेऊन त्या गावाला गेलो. उन्हाळा तोंडावर आला होता. बारवेच्या वरच्या पायरीवर सरपंच नाना, आप्पा, गौराआजी आणि पाण्याला आलेल्या बायाबापड्या होत्या. कुसुमही होती, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं की निम्म्या गावाचा आकडा मी मनानं लिहिला, खरा आकडा या पोरीनं काढला होता आणि तो मी दाबला.

मला वाटलं, आता दगड बसतील. सरपंच तेवढे दुखावले. "मास्तर, खोटंच लिवायचं हुतं तर अख्खा गाव लिवायचा. निम्मा कशापायी? आमाला उगंच आळीआळीत भांडाया लावलं."

कुसुम पुढे आली. तिनं माझ्या हातातून नळी घेतली, बूच काढलं आणि दाणे पायरीवर पालथे केले. लाल दाणे काळ्या दगडावर पडले. तिनं त्यातला एक बोटानं बाजूला केला.

"ह्यो आप्पांचा," ती म्हणाली. नगरला माझ्याशी बोलताना ती कधी 'ह्यो' म्हणत नसे. "बाकीचे कुनाचे ते मला ठावं हाय, पन मी न्हाई सांगनार."

आप्पा काठी टेकत उठले, वाकून तो दाणा उचलला आणि मुठीत धरला. मग खालच्या आळीची एक बाई पुढे आली, खाली बघतच म्हणाली, "त्यातला एक माजा," आणि एक दाणा घेऊन गेली. मग तो दृष्टीच्या दोऱ्यावाला. मग वरच्या आळीची एक म्हातारी. मग एक नवीन लग्न होऊन आलेली सून, तिची सासू तिच्याकडे बघत असताना. एकेक जण येत होता, दाणा उचलत होता. मला त्या क्षणी फार मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि मी सूक्ष्मदर्शक आणला नाही याची चुटपुट लागल्याचं सोंग करत पिशवीत हात घालून बसलो.

शेवटी पायरीवर एकच दाणा उरला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

सरपंच नानांनी खाकरून घसा साफ केला. "दुपारच्याला बारवंवर कुनी नसतंय असं वाटलं हुतं मला," ते म्हणाले. आणि खाली बसून त्यांनी डाव्या पायातला लोकरीचा मोजा काढला.

त्यानंतरचं काम झटकन झालं. "खडी फोडून ढीग पडलाय, दगड हाय, हात हायती," सरपंच म्हणाले. "भिंत घालायला कागद कशाला पायजे?" दुष्काळी कामाच्या मुकादमानं तिकडे काणाडोळा केला आणि गावानं खालच्या पायऱ्या दगडांनी बंद केल्या. दिगंबरनं काठावर साधा लाकडी रहाट बसवला आणि सायकल भिंगारला परत नेली. तिचा शोध वडील दोन महिने घेत होते. पायऱ्या बंद झाल्या त्या दिवशी कुसुमनं मला बजावलं, "सर, आता लगेच काही दिसणार नाही. गेल्या वर्षी पोटात गेलेले नारू या वर्षी निघणारच. वाट बघावी लागेल."

ती पुढे शिकली. आप्पांना पुन्हा नारू निघाला, पण तो पेरणीनंतर, आणि शेतात तोवर पीक उभं होतं. पदवी घेऊन ती त्याच भागात शाळेत लागली. दर उन्हाळा संपला की तिच्याकडून मला एक पाकीट यायचं. आत पत्र नसायचं, फक्त मिलोचे दाणे असायचे. पहिल्या वर्षी जवळजवळ आधीच्याइतकेच, दुसऱ्या वर्षी बरेच कमी. मी ते मोजायचो आणि त्याच काचेच्या नळीत टाकायचो.

तिसऱ्या वर्षी पाकीट आलं ते रिकामं. मी उलटं केलं, झटकलं, उजेडाला धरून बघितलं. काही नाही. माझं डोकं फिरलं. मी तडक पोस्टात गेलो आणि खिडकीवर हात आपटून म्हटलं की माझ्या पाकिटातला माल चोरीला गेला आहे. कारकून बिचारा घाबरला.

"काय माल होता?"

"ज्वारी. लाल ज्वारी."

"किती?"

मी 'किती' हे सांगायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. माझ्या मागे रांग खोळंबली होती. कारकून तक्रारीचा कागद पुढे ओढून, टाक हातात धरून वाट बघत होता.

"लिहा," मी म्हटलं. "शून्य."

"मग तक्रार कशाची, साहेब?"

"तक्रार नाही," मी म्हटलं, आणि ते रिकामं पाकीट घडी करून खिशात ठेवलं.